आपल्या गावाची वही

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असाल, कुणी नळाच्या पाण्याची वाट बघत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, त्याआधी शेळीपालनावर. आज पैशाचा विषय नाही. आज मला गावाच्या इतिहासावर बोलायचं आहे. इतिहास म्हटलं की तुम्ही म्हणाल, ते शाळेतल्या मास्तरांचं काम, आपलं काय त्यात? तेच सांगायला मी आज आले आहे.

आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं एक गाव घेऊ. वेरूळ. शहरापासून तीस किलोमीटर, खुलताबाद तालुक्यात. वेरूळ म्हटलं की डोळ्यापुढं लेणी येतात, मोठ्या बसा येतात, फोटो काढणारे पाहुणे येतात. पण वेरूळ हे आधी एक गाव आहे, हे आपण विसरतो. तिथे ग्रामपंचायत आहे, शाळा आहे, मक्याची आणि अद्रकाची शेतं आहेत. मंदिराजवळ बेलफुलाची ताटं घेऊन बाया बसतात, रस्त्याकडेला पेरू-सीताफळं विकतात. मंगळवारी लेणी बंद असतात, त्यामुळं लेण्यांपाशी धंदा करणाऱ्या बायांना बैठकीला बोलवायचं तर तोच वार बरा पडतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण गटाचं काम करणारीला पक्कं ठाऊक असतं.

आता पुस्तकात काय आहे ते बघा. जुन्या कोरीव लेखांत या गावाचं नाव एलापूर असं येतं. बघण्यासारखी लेणी चौतीस. पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. सोळाव्या नंबरचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. १९८३ साली जगाच्या वारशाच्या यादीत वेरूळचं नाव लागलं. भोसल्यांची पाटीलकी याच गावची. शिवाजीराजांचे आजोबा मालोजीराजे इथले, त्यांच्या गढीचे अवशेष आजही गावात आहेत. एवढं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे.

पण त्याच गावात दुसराही एक इतिहास आहे, आणि त्यात बाया आहेत. कैलास लेणं वरून खाली कोरलं आहे. आधी कळस, मग खालचं मंदिर. असं उलटं का केलं, याची एक गोष्ट आहे. एल नावाचा राजा आजारी पडला. त्याच्या राणीनं, माणिकावतीनं, नवस केला की राजा बरा झाला तर मी शंकराचं देऊळ बांधीन, आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ बांधायचं तर पायापासून वर्षानुवर्षं लागणार, तोवर राणी जगणार कशी? मग पैठणहून कोकस नावाचा कारागीर आला. त्यानं डोंगराच्या माथ्यापासून कोरायला घेतलं आणि थोड्याच दिवसांत कळस दाखवून राणीचा उपास सोडवला. ही गोष्ट ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात आहे. त्यात देवळाचं नावसुद्धा राणीवरून पडलेलं आहे, माणिकेश्वर. इतिहासकार राजा कृष्णाचंच नाव घेतील, त्यांच्याकडे पुरावा आहे. पण लोकांनी त्या देवळाचं कारण म्हणून एका उपाशी बाईला लक्षात ठेवलं, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

घृष्णेश्वराचं तर काय सांगावं. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, आणि पुराणातल्या कथेप्रमाणं ते ओळखलं जातं एका साध्या बाईच्या नावानं. घुश्मा तिचं नाव. थोरली बहीण सुदेहा, तिला मूल नव्हतं. लोकांच्या टोमण्यांना कंटाळून तिनं स्वतःच नवऱ्याला धाकट्या बहिणीशी लग्न करायला लावलं. घुश्मा रोज मातीच्या एकशे एक पिंडी करायची, पुजायची आणि तळ्यात सोडायची. तिला मुलगा झाला, मोठा झाला, आणि सुदेहाच्या मनात विष कालवलं. तिनं त्या पोराला मारलं. घुश्मानं पूजा मोडली नाही. देव प्रसन्न झाला, पोरगा परत आला. देव सुदेहाला शिक्षा करायला निघाला तेव्हा घुश्मानं बहिणीसाठी माफी मागितली. कीर्तनात घुश्माची भक्ती सांगतात. मला मात्र दर वेळी सुदेहाचंच वाईट वाटतं. मूल नाही म्हणून बाईला एवढं बोलायचं की तिनं आपल्या हातानं सवत आणायची, आणि शेवटी पापही तिच्याच पदरात. आपल्या गटांतही अशा बाया आहेत, आणि त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर आजही कुजबुज होते.

आजचं देऊळ मालोजीराजांनी दुरुस्त केलं आणि पुढं अठराव्या शतकात होळकरांच्या घरातल्या बायांनी, मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि सून अहिल्याबाई यांनी, त्याचं नि शिवालय तीर्थाचं काम केलं असं सांगतात. अहिल्याबाई म्हणजे चौंडीची लेक. शिवालय तीर्थाच्या पायऱ्या उतरताना लक्षात येतं, की बाईच्या हाती सत्ता आली तेव्हा तिनं पाण्याची सोय आधी बघितली.

ही झाली राण्यांची नावं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कैलास कोरताना डोंगरातून निघालेला दगड कुणी वाहिला? एवढा मोठा खड्डा खणायचा तर लाखो पाट्या भरल्या असतील, उचलल्या असतील. वाहणाऱ्यांच्या भाकरी कुणी थापल्या? पाणी कुणी पाजलं? त्यांतलं एकही नाव कुठं कोरलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं कोण सांगणार? बरं. मग पन्नास वर्षांपूर्वीचं सांगा. तुमच्या गावचा पाझर तलाव कुणी बांधला?

१९७२ चा दुष्काळ आठवतो का कुणाला? ज्यांना आठवतो त्या बाया आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस गेला तो गेलाच. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलानं विकली, काही तर तशीच सोडून दिली. सरकारनं कामं काढली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. आणि या कामांवर बाया निघाल्या, झुंडीनं. ज्या घरातल्या बाईनं कधी उंबरा ओलांडला नव्हता तीसुद्धा डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या उचलू लागली. खायला मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि पोराबाळांना सुकडी. रोजगार हमीचा जो कायदा पुढं १९७७ साली महाराष्ट्रात झाला, त्याच्या मुळाशी हीच कामं आहेत, आणि सगळ्या देशात रोजगार हमी आली ती त्याच्याही कितीतरी नंतर. म्हणजे देशाला जी गोष्ट आपल्या राज्यानं शिकवली, ती या आज्यांच्या फुटलेल्या हातांनी उभी राहिली आहे.

मी गटांच्या बैठकीत आज्यांना हे विचारायला लागले तेव्हा पहिलं उत्तर ठरलेलं. “काय सांगावं बाई त्याचं? पोटासाठी केलं.” पण थोडं थांबलं की बांध फुटतो. एकीनं सांगितलं, खडी फोडताना हाताच्या बोटांना फडकी गुंडाळायची आणि ती रक्तानं चिकटायची. तान्ही लेकरं झाडाखाली लुगड्याच्या झोळीत टांगायची, आणि एका म्हाताऱ्या बाईनं सगळ्यांची लेकरं सांभाळायची. त्या म्हातारीला सगळ्या जणी आपल्या वाट्याची अर्धी भाकरी द्यायच्या. मी ऐकतच राहिले. आज आपण पाळणाघराचं प्रशिक्षण देतो ना, तेच त्या दुष्काळात बायांनी आपल्या आपण उभं केलं होतं, कुणी न शिकवता. दुसरीनं सांगितलं की दिवसभराच्या कामानंतर रात्री पाण्याला जायचं, झऱ्यावर वाटीनं पाणी भरायचं, एक घागर भरायला तास लागायचा. त्याच ओघात तिनं सांगितलं की गावात एकच विहीर त्या वर्षी आटली नव्हती, वेशीबाहेरची, आता गाळानं भरलेली. हे गावातल्या तरण्या पोरांना ठाऊकच नव्हतं.

या आज्या आता एक एक करून चालल्या आहेत. मागच्या वर्षी ज्यांनी मला बांधावरची गाणी सांगायचं कबूल केलं होतं त्यांतल्या एक आजी पावसाळ्यात गेल्या. त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं. म्हणून म्हणते, हे लिहून ठेवायचं काम आता करायचं, आणि ते आपणच करायचं.

असं काम बायांच्या गटांनी केल्याची उदाहरणं लांबच्या देशांत आहेत. कॅनडात ॲडलेड हुडलेस नावाची एक बाई होती. तिचं वर्ष-दीड वर्षाचं बाळ खराब दुधानं दगावलं. त्या दुःखातून तिनं खेड्यापाड्यातल्या बायांना आरोग्य आणि घरकाम शिकवायचं ठरवलं, आणि १८९७ साली शेतकरी बायांचा पहिला गट सुरू झाला. नाव होतं विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्या महिला मंडळासारखंच. हे लोण १९१५ साली विलायतेत पोचलं. लढाई चालू होती, पुरुष आघाडीवर होते, खेड्यांत धान्य पिकवायचं नि टिकवायचं काम बायांवर आलं होतं. पुढं १९६५ साली या मंडळांना विलायतेत पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्यांनी काय करावं? गावागावांतल्या बायांनी आपापल्या गावाची एक वही केली. त्यात राजाराणीचं काही नाही. किराण्याचे भाव, बसचं वेळापत्रक, पडद्याच्या कापडाचे तुकडे, कोण काय पिकवतं, सणाला काय करतात. त्या वेळी लोकांना ते किरकोळ वाटलं असेल. आज ते लोक त्या वह्या जपून ठेवतात, कारण साध्या माणसांचं रोजचं जगणं दुसरीकडे कुठं सापडत नाही. कॅनडातल्या मंडळांतही गावाचा इतिहास वहीत लिहायची अशीच रीत आहे.

आणि विलायतेचं तरी कशाला? आपल्याकडं सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते असंच. चक्रधरस्वामी गेल्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन आठवणी विचारल्या आणि लिहून घेतल्या. त्यात गावं आहेत, वाटा आहेत, कुणी काय खायला वाढलं तेही आहे. त्याच पंथातली महदाइसा मराठीतली पहिली कवयित्री मानतात. तिला सारखे प्रश्न विचारायची सवय होती, आणि तिच्या गुरूंना त्या सवयीचं कौतुक होतं. नाहीतर आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्या बाईला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. बाया म्हणायच्या, यात काय विशेष? विशेष हेच, की बाईच्या मनातलं बोलायला तेव्हा जात्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

आता एक अवघड गोष्ट सांगते. वही लिहायला बसलं की सगळं गोड निघत नाही. आमच्या एका गटात गावच्या जुन्या विहिरीवर बोलणं चाललं होतं. पाणी किती गोड होतं, डाळ कशी पटकन शिजायची, नव्या नवरीला पहिल्यांदा पाण्याला कसं वाजत-गाजत न्यायचे, सगळ्या रंगून सांगत होत्या. बौद्धवाड्यातल्या एक आजी गप्प होत्या. मी म्हटलं, “आजी, तुम्ही पण सांगा ना.” त्या म्हणाल्या, “तुमची ती गोड पाण्याची विहीर. आमची ती ताटकळायची विहीर. आम्ही घागर खाली ठेवून बसायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. उन्हाळ्यात दुपार व्हायची.”

सगळी बैठक गार झाली. मग एक काकू म्हणाल्या, “जाऊ द्या ना आत्या, झालं गेलं. कशाला लिहायचं ते?”

आजी म्हणाल्या, “मग विहीर बी लिहू नका.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी गटाच्या अध्यक्ष बाईंनी वही पुढं ओढली आणि दोन्ही लिहिलं. गोड पाणीही आणि ताटकळणंही, एकाच पानावर. त्या आजींनी सांगितलं, “माझं नाव घालून लिव्ह.” नाव घातलं. दोन जणी त्या दिवशी चहा न घेता गेल्या, हेही खरं आहे. पुढच्या बैठकीला आल्या.

याच वेरूळच्या वाटेवरची एक गोष्ट तेव्हा मी त्यांना सांगितली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासाची धूळ होती म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतलं. पाणी बाटवलं म्हणून केवढा गोंधळ झाला, शिव्या खाव्या लागल्या. शेवटी आत सोडलं ते कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. परदेशात शिकून आलेल्या, बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत. हे आज आपल्याला कळतं कारण बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं. किल्ल्याच्या माहितीच्या पाटीवर ते तुम्हाला मिळालं नसतं.

दुसरा प्रयोग आम्ही वंशावळीचा केला. गेल्या काही वर्षांत जुन्या नोंदी शोधायला घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या, ते तुम्ही पाहिलंच आहे. त्या वंशावळीत काय असतं? बाप, आजा, पणजा, खापरपणजा. सगळे पुरुष. मी बैठकीत विचारलं, तुमच्या सासूच्या सासूचं नाव काय? निम्म्याहून जास्त बायांना सांगता आलं नाही. काहींनी घरी जाऊन विचारलं, तर घरातल्या पुरुषांनाही आपल्या आजीचं नाव येईना. तिला सगळे ‘माय’ म्हणायचे, एवढंच. ज्यांची नावं मिळाली त्यांतल्या कितीतरी जणींचं माहेरचं नाव निराळं होतं, लग्नात बदललेलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लागणं सक्तीचं झालं आहे. चांगलं झालं. पण त्याआधीच्या सगळ्या आयांचं काय? त्यांच्यासाठी आपल्या वहीत पान ठेवावं लागेल. लेकींची नावंही त्यात घाला. वडिलांच्या मालमत्तेत लेकीचा हक्क कायद्यानं आहे, आणि वाटणीच्या वेळी ‘आम्हाला बहीणच नव्हती’ असं सांगणारे भाऊ मी पाहिले आहेत.

वहीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी त्या गाळ भरलेल्या विहिरीचं सांगते. आज्यांनी बहात्तरची आठवण सांगितली, ती वहीत आली. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तसा कायदाच आहे, पण बऱ्याच गावांत ती नुसत्या सह्यांवर होते. या बायांनी महिला सभा खरोखर बसवली आणि वही उघडून तो मजकूर वाचला. कोणकोणत्या बाईनं त्या वर्षी तिथून पाणी भरलं, नावानिशी. गाळ काढायचा ठराव ग्रामसभेत गेला, मंजूरही झाला. काम अजून सुरू व्हायचं आहे, बाया मागे लागलेल्या आहेत. नुसतं “विहीर साफ करा” म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तसंच गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं. २००२ च्या कायद्यानं ती प्रत्येक पंचायतीनं करायची असते. कुठल्या बांधावर कोणती रानभाजी कधी येते, बाळंतिणीला कोणता पाला देतात, हे सांगणार कोण? आपल्या आज्याच. तर त्या नोंदवहीत सांगणारीचं नाव लिहिलंय का, तेवढं जाऊन बघा.

कसं करायचं ते थोडक्यात सांगते. दोनशे पानी वही घ्या, गटाच्या खर्चातून, पन्नास-साठ रुपयांचं काम आहे. हिशेबाच्या वहीत हे लिहू नका, ऑडिटला घोळ होईल. ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिला लिहायला बसवा, दहावी-बारावीच्या पोरी हे काम आवडीनं करतात. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण आजींना आधी विचारून. आणि मोबाईल बिघडतो, म्हणून कागदावर उतरवाच. सांगणारीचं नाव, माहेर, तारीख घाला. तिच्या बोलीतच लिहा, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका. मुसलमान वस्तीत, तांड्यावर, बौद्धवाड्यात, वस्तीवरच्या शेतमळ्यांत, सगळीकडे जा. नुसतं पाटलाच्या वाड्यावर बसून लिहिलेली वही अर्धीच राहते. दोघींची आठवण वेगळी निघाली तर भांडू नका, दोन्ही लिहा.

सुरुवातीला काय विचारायचं हे सुचत नसेल तर सोपे प्रश्न विचारा. या गावात लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचे? सुईण कोण होती? पहिली पिठाची चक्की कधी आली, आणि त्या दिवशी जातं बंद झालं तेव्हा कसं वाटलं? शाळेत गेलेली गावातली पहिली मुलगी कोण? नागपंचमीचा झोका कोणत्या झाडाला बांधायचे, आणि ते झाड आता आहे का? महालक्ष्म्यांना कुणाच्या घरी किती भाज्या करायच्या?

येत्या बैठकीला प्रत्येक गटानं एका आजीला बोलवायचं आणि बहात्तरचं विचारायचं. जे निघेल ते सहयोगिनीकडे द्या, ते आम्ही रेडिओवर वाचून दाखवू, सांगणारीचं नाव घेऊन. नाव नको असेल तर तसं वहीत वर लिहा, म्हणजे आम्ही घेणार नाही. चला, भाकरी करपली नसेल अशी आशा करते. नमस्कार.